तीन मिनिटं

ऑक्टोबर संपता संपता तळ्यातले लाकडी धक्के
उचलून काठावर रचून ठेवतात इथे,
बाजारानंतरच्या बाकड्यांसारखे.
विस्कॉन्सिनमधलं हे तळं. नाव मला अजून नीट उच्चारता येत नाही,
आईने तर प्रयत्नही केला नाही.
हॉलच्या दारात थांबून तिने एवढंच विचारलं,
"चपला कुठे काढायच्या?"

अगं, देऊळ नाही हे, मी म्हटलं.
पण लाव्होन, ऐंशीच्या घरातली, कमरेला चाव्यांचा जुडगा,
म्हणाली, सकाळीच मेण दिलंय जमिनीला,
पायातलं काढलंत तर उपकार होतील.
आईने माझ्याकडे पाहिलं.
तिचं हे पाहणं मी पाचवीपासून ओळखते.

कोट ठेवायच्या खिडकीत तिचा स्वेटर गेला,
हातात पितळी बिल्ला आला: दोनशे सत्तावीस.
आत खुंट्याच खुंट्या, सगळ्या उघड्या.
"बाकीचे कुठे गेले?" आई म्हणाली.
मी याचं भाषांतर केलं नाही.

लाव्होन सांगत होती,
शनिवारी हजार माणसं नाचायची,
तेव्हा ही मेपलची जमीन श्वास घ्यायची.
मी ते सांगितलं. आई म्हणाली,
"श्वासाचं राहू दे, दबते का तेवढं विचार."
दबते. तिने टाचेने खात्री करून घेतली,
कलिंगड घेताना करते तशी.

वर निळं छत, त्यात विजेचे तारे,
निम्मे गेलेले.
ती वर बघतच नव्हती.
कोपऱ्यात टेलिफोनची लाकडी खोली होती, माणूसभर,
ती सरळ तिच्यात शिरली, दार घडी घालून ओढून घेतलं,
आणि रिसीव्हर डाव्या कानाला लावला.
सव्वीस वर्षं कऱ्हाडच्या एक्स्चेंजमध्ये
त्याच कानाने संसार केला तिने.

काचेतून मला फक्त ओठ दिसत होते.
बाहेर येऊन म्हणाली, "मेलेली लाईन अशी नसते.
ही नुसती गप्प आहे."

मग, मी काही न विचारता:
"त्र्याहत्तर साल. एकतीस डिसेंबर, रात्रपाळी.
पुण्याच्या कॅम्पातून पी. पी. कॉल, मुलगी लाईनवर आली.
तो बोललाच नाही. कुठेतरी बँड चालला होता,
त्याने रिसीव्हर तिकडे धरला असावा.
ती पण गप्प.
तीन मिनिटं झाली, वाढवू का, विचारायचं असतं मध्ये.
नाही विचारलं.
एक-दोन-तीन, एक-दोन-तीन, असं काहीतरी होतं ते,
मी पेन्सिलने टेबलावर धरत होते.
अठरा मिनिटं.
तिकिटावर तीनच लिहिली."

हीच बाई,
दुकानदाराने चार आणे जास्त दिले म्हणून
भर उन्हात मला परत पाठवणारी.

मी म्हटलं, पकडली असती तर?
"नोकरी गेली असती," ती म्हणाली,
आणि मोज्यांवर चालत मधोमध जाऊन उभी राहिली.
नाचली वगैरे नाही.
फक्त एका पायावरून दुसऱ्यावर, पुन्हा पहिल्यावर,
बसची वाट बघणाऱ्या माणसाइतकी.
खालची जमीन तेवढ्यानेही थोडी हलत असणार,
मला काठावरून कळत नव्हतं.

पश्चिमेच्या खिडक्यांतून तळं आत येऊन
छतावर थरथरत होतं.
लाव्होनने एकेक दिवा बंद करायला घेतला,
घड्याळाकडे बोट केलं, माफी मागितल्यासारखं.
मी कडेवरून हाक मारली,
"आई, तीन मिनिटं झाली."

तिने मागे वळून पाहिलं नाही.
"वाढव," म्हणाली.

लाव्होनला एक शब्द कळला नसेल,
पण तिचा हात बटणावरच राहिला.

गाडीत बसल्यावर तिने मोजे काढले,
तळव्यांना मेणाचा पिवळट थर.
हुंगून पाहिले, पर्समध्ये ठेवले.
स्वेटर विसरला होता.
बिल्ला तिच्या मुठीत.
परत जाऊ या का, मी विचारलं.
ती म्हणाली, हीटर लाव आधी.